गोधडीची मजुरी सांगताना

राजापूर तालुक्यातील एका वाचक भगिनीचे पत्र, थोडे संक्षेपाने:

"माझे वय पंचावन्न. गोधडी शिवायला सासूबाईंकडून शिकले. पूर्वी घरापुरतीच शिवत असे. आता मुंबईची माणसे गणपतीत आणि मे महिन्यात आली की जाताना 'आमच्यासाठी एक करून ठेव' असे सांगून जातात. कापड कोणी देते, कोणी देत नाही. किंमत विचारली तर मी आठशे सांगते. त्यातले अस्तर, दोरा, साबण मिळून तीनशे ऐंशी माझे जातात. तरी या मे महिन्यात नणंदेची सून म्हणाली, 'मामी, जुन्या साड्यांचे आठशे? ऑनलाइन सहाशेला जयपुरी येते.' मी पाचशेला देऊन टाकली. पुतण्याला लग्नात दिलेली गोधडी त्याच्या गाडीच्या डिकीत सामानाखाली पसरलेली पाहिली, तेव्हा दोन दिवस जेवण गोड लागले नाही. थोरल्या जाऊबाई एक पैसा न देता तीन गोधड्या घेऊन गेल्या, पण त्यांना मी नाही म्हणू शकत नाही, कारण माझा मुलगा आयटीआय करताना दोन वर्षे त्यांच्या डोंबिवलीच्या घरी राहिला. आता जवळच्या एका होमस्टेवाल्याने दिवाळीपर्यंत सहा गोधड्या मागितल्या आहेत, एकीला नऊशे देतो म्हणतो. यजमान म्हणतात, बसल्या जागी मिळताहेत तर घे. नात्यातल्या माणसांकडून पैसे घेणे बरे दिसते का? आणि खरी किंमत सांगायची तरी किती?"

ताई, सप्रेम नमस्कार.

तुम्ही किमतीचा प्रश्न पत्राच्या शेवटी विचारला आहे. मी तो आधी घेतो, कारण एका गोधडीला आपले किती तास जातात हे ज्या बाईला ठाऊक नाही, तिला आपण कोणाला काय देत आहोत हेही नीटसे ठाऊक नसते. तुमच्या पत्रात अस्तराचा आणि दोऱ्याचा खर्च रुपयांपर्यंत आहे, परंतु वेळेचा उल्लेख एका अक्षरानेही नाही. तेव्हा तो हिशेब आपण मांडू.

पाच फूट रुंद आणि सात फूट लांब अशी एका माणसाची गोधडी धरा. धावदोऱ्याच्या दोन ओळींत अर्धा इंच अंतर ठेवले, तर साठ इंच रुंदीत १२० ओळी बसतात, आणि प्रत्येक ओळ ८४ इंच लांब असते. म्हणजे एकूण १०,०८० इंच, सुमारे अडीचशे मीटर अंतर तुमची सुई कापडातून चालते. इंचाला तीन टाके धरले तर एका गोधडीत तीस हजारांहून अधिक टाके पडतात. चार-पाच थरांतून सुई काढायची, दोरा संपला की पुन्हा ओवायचा, गाठ मारायची, गोधडी सरकवून घ्यायची, हे सगळे धरून मिनिटाला सरासरी बारा टाके पडले तरी हात चांगला चालला असे मी म्हणेन. त्या गतीने नुसत्या टाक्यांना ४२ तास लागतात. तुमचा हात याहून जलद असेल तर पुढच्या गोधडीच्या वेळी घड्याळ लावून एका तासात किती ओळी होतात ते मोजा आणि माझा आकडा खोडून तुमचा लिहा. हिशेबाची रीत मात्र तीच ठेवा.

टाक्यांच्या आधीचे आणि नंतरचे काम यात अजून आलेलेच नाही. जुनेरे धुऊन वाळवणे, फाटका भाग काढून चांगला भाग कापणे, थर एकावर एक अंथरून सुरकुती राहणार नाही अशा बेताने कच्चे टाके घालणे, काठाला पट्टी लावणे, तयार गोधडी पुन्हा धुणे, या सगळ्याला मी आठ तास धरतो आणि ते कमीच आहेत. कोकणात तर ते ऋतूवरही अवलंबून असते. जिथे पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटर आणि त्याहूनही अधिक पाऊस कोसळतो, तिथे आषाढात भिजवलेली गोधडी पडवीतल्या दोरीवर आठवडाभर लोंबकळते आणि तरीही तिचा कुबट वास जात नाही. आतल्या थरात ओल राहिली तर बुरशीचे काळे ठिपके उमटतात आणि झालेली मेहनत वाया जाते. म्हणून धुण्याची कामे शिमग्यापासून मेअखेरीपर्यंत उरकावी लागतात, आणि नेमक्या त्याच काळात आंब्याच्या बागांत आणि काजूच्या कामावर रोजंदारी मिळत असते. ती सोडून तुम्ही जुनेरे धुवायला बसता, हाही एक खर्चच आहे, जरी तो कोणत्याही पावतीवर दिसत नसला तरी.

असे एकूण पन्नास तास झाले. तुमच्या आठशे रुपयांतून तीनशे ऐंशीचा खर्च वजा केला की चारशे वीस उरतात, म्हणजे तासाला साडेआठ रुपयेसुद्धा पडत नाहीत. नणंदेच्या सुनेला पाचशेला दिलेल्या गोधडीत तुम्हाला तासाला दोन रुपये चाळीस पैसे मिळाले. रोजगार हमीच्या कामाचा महाराष्ट्रासाठीचा दर २०२५-२६ मध्ये दिवसाला ३१२ रुपये होता. आठ तासांचा दिवस धरला तर तासाला ३९ रुपये. तो अकुशल कामाचा दर आहे हे लक्षात घ्या. त्या दरानेसुद्धा तुमच्या पन्नास तासांचे १,९५० रुपये होतात आणि साहित्याचा खर्च मिळवून २,३३० होतात. मी तुमच्या जागी असतो तर तासाला साठ रुपयांच्या खाली आलो नसतो, कारण धावदोरा सरळ ठेवणे आणि थर न सरकता गोधडी सपाट राखणे ही कला शिकायला अनेक वर्षे जातात. त्या हिशेबाने गोधडीची किंमत ३,३८० रुपये होते. हा आकडा वाचून तुम्ही कदाचित हसाल. तरीही तुमच्या वाडीत कापणीला येणाऱ्या बाईला आज दिवसाला किती द्यावे लागतात हे आठवा आणि तो आकडा तासावर आणून पाहा. मग हसू येणार नाही.

आता "जुन्या साड्यांचे आठशे?" या वाक्याकडे येऊ. या वाक्यात गोधडीची किंमत म्हणजे तिच्यातल्या कापडाची किंमत असे गृहीत धरलेले आहे. कलम आजोबांनी लावलेले आहे, तेव्हा हापूसची पेटी स्वस्त द्या, असे तुमच्या नणंदेची सून देवगडच्या बागायतदाराला सांगणार नाही. फवारणी, राखण, तोडणी आणि पेटी भरण्याची मजुरी यांचे पैसे ती निमूटपणे देते. गोधडीच्या बाबतीतच हे सुचते, कारण बाईने घरात बसून केलेले काम फावल्या वेळातले मानण्याची आपल्याकडे जुनी सवय आहे. तुमच्या यजमानांचे "बसल्या जागी" हे शब्द त्याच सवयीतून आले आहेत. त्यांच्या मनात वाईट नसावे, पण पन्नास तास मान खाली घालून बसणाऱ्या माणसाला बसण्याची किंमत अधिक ठाऊक असते. जयपुरी रजईशी केलेली तुलनाही फसवी आहे. छापील कापडाच्या दोन पदरांत पिंजलेला कापूस भरून हाताने टाके घातलेली खरी जयपुरी रजई सहाशे रुपयांत मिळत नाही. त्या किमतीत येते ते बहुधा यंत्रावर शिवलेले आणि कृत्रिम धाग्यांचे भरण असलेले पांघरूण. ते वाईट आहे असे माझे म्हणणे नाही. ज्यांना थंडीपुरते पांघरूण हवे आहे त्यांनी ते खुशाल घ्यावे. त्यांना तुमची गोधडी नकोच आहे, एवढे त्या तुलनेवरून समजून घ्यावे.

कापडाविषयीही थोडे सांगतो, कारण त्यावर तास कमी-जास्त होतात. साडेपाच मीटरच्या पाचवारी साडीतून वर दिलेल्या मापाचे हिशेबाने जेमतेम दोन थर निघतात आणि विरलेला भाग वगळला तर दीडच. सुती जुनेर मऊ असते, सुई त्यातून अलगद जाते, ते घाम टिपते आणि धुण्यागणिक अधिक मऊ होते. परंतु चाकरमानी मंडळी आता जे गाठोडे आणून देतात त्यात सुती साडी क्वचित असते. नायलॉन, जॉर्जेट आणि टेरिकॉटचाच भरणा असतो. हे थर एकमेकांवरून घसरतात, कच्चे टाके दुप्पट घालावे लागतात आणि कोकणातल्या दमट हवेत असली गोधडी अंगाला चिकटते. अशा कापडाला जादा मजुरी सांगा किंवा आत घालायला सुती साड्याच आणा असे सांगा. रेशमी साडी असेल तर घडीवर बोटाने दाबून पाहा. जुने रेशीम घडीत चिरते आणि त्याचा दोष नंतर शिवणारीच्या माथी येतो. गडद रंगाच्या कापडाचा कोपरा ओल्या पांढऱ्या फडक्याने चोळून रंग जातो का हेही आधीच पाहावे.

ही सगळी आकडेमोड तुम्ही प्रत्येकाला ऐकवावी असे मी सुचवत नाही. ती तुमच्यासाठी आहे. ती मनात पक्की झाली की माझ्या मते तुमच्यापुढे तीनच वाटा उरतात: गोधडी पूर्ण किमतीला विकायची, उपकाराची फेड म्हणून द्यायची किंवा प्रेमाने फुकट द्यायची. चौथी वाट, म्हणजे ओळखीखातर अर्ध्या-पाव किमतीला देणे, ती तुम्ही बंद करावी. वरवर पाहता ही तडजोड समजूतदारपणाची वाटते, पण तीतून दोन्ही बाजूंचे नुकसान होते. नणंदेच्या सुनेने पाचशे रुपये दिले, त्यामुळे आपण मामींची मजुरी चुकती केली असे तिला वाटते आणि तुमचे आभार मानण्याचे कारण तिला उरत नाही. तुमच्या बाजूने पाहिले तर दोन हजारांच्या आसपास रुपयांचे श्रम तुम्ही तिला दिले, पण ते दिल्याचे समाधानही तुम्हाला मिळाले नाही, कारण ती भेट ठरलीच नाही. त्यात तिने ही किंमत चार जणींना सांगितली असेल आणि आता त्यांच्या लेखी तुमचा दर पाचशे झाला असेल. तीच गोधडी तुम्ही "घे गं, मामीकडून तुला" म्हणून एक पैसाही न घेता दिली असती, तर तिच्याही मनात काहीतरी राहिले असते आणि तुम्हालाही हे पत्र लिहिताना तिची आठवण वेगळी आली असती.

थोरल्या जाऊबाईंविषयी तुम्ही जे लिहिले आहे ते मला तुमच्या तक्रारींत बसत नाही. कोकणातल्या किती मुलांची शिक्षणे मुंबईतल्या कोणा काका-मामांच्या दोन खोल्यांत झाली आहेत, हे तुम्हाला मी सांगायला नको. दोन वर्षे मुलाला दोन वेळचे जेवण, झोपायला जागा आणि आजारपणात औषध त्या घरातून मिळाले; त्यांनीही त्याचा हिशेब मांडला नाही. त्या मानाने तीन गोधड्या, तासाला साठच्या दराने धरल्या तरी, दहा हजारांच्या आसपास जातात. मला वाटते तुम्हाला टोचते ते पैसे न मिळणे नसून ही फेड आहे याची वाच्यता कोणीच न करणे हे असावे. ती तुम्ही करा. पुढची गोधडी देताना त्यांना म्हणा, "वहिनी, आमच्या बाळ्याला तुम्ही दोन वर्षे सांभाळलेत, त्याची आठवण म्हणून ही." त्यानंतर त्यांनी चौथी, पाचवी मागितली तर "आता मजुरीवर शिवते, तुम्हाला कापड आणून द्यावे लागेल" असे म्हणण्याला तुम्ही मोकळ्या आहात.

उरलेल्या नातेवाइकांसाठी वर्षाला भेट म्हणून किती गोधड्या द्यायच्या हे तुम्ही आणि यजमानांनी बसून ठरवावे. दोन ठरवल्यात तर दोन. त्या कोणाला द्यायच्या हे तुम्ही ठरवाल. मागणाऱ्याने ठरवायचे नाही. घरातले पहिले बाळंतपण असेल तर दुपटे शिवा, कारण तीन फूट चौरस दुपट्याला त्याच अर्ध्या इंचाच्या ओळींनी पावणेआठ हजार टाके पडतात आणि ते अकरा तासांत होतात. प्रेमात काही उणे पडत नाही आणि टाक्यांचे तुमचे तीस-एक तास वाचतात. भेटीच्या यादीत नसलेल्या माणसाने विचारले, तर कारणे देत बसू नका. "आनंदाने शिवीन. मजुरी तीन हजार होते, आतल्या साड्या तुमच्या. पावसानंतर घेऊन जा." एवढ्यावर थांबा. बहुतेक माणसे "बघते, कळवते" म्हणतील आणि कळवणार नाहीत. त्यात कोणाचाच अपमान झालेला नसतो. नात्यात पैसे घेणे बरे दिसत नाही असे जे आपल्याला वाटते, ते घेणाऱ्यालाच का वाटावे, न देणाऱ्याला का वाटू नये, हा प्रश्न मला नेहमी पडतो.

पुतण्याच्या डिकीतल्या गोधडीचे दुःख मी समजू शकतो, परंतु तिथे मी तुमची बाजू पूर्णपणे घेणार नाही. दिलेली वस्तू त्याची झाली. शिवाय तिशीतल्या मुलाला गोधडी म्हणजे घरात पडून असलेले मऊ जुने कापड एवढेच ठाऊक असण्याचा संभव आहे. ती करायला पन्नास तास लागतात हे त्याला कोणी सांगितलेच नसेल. गोधडी देताना चिठ्ठीवर दोन ओळी लिहाव्यात: आत कोणाच्या साड्या आहेत, किती दिवस लागले, थंड पाण्यात धुवावी, पिळू नये, आडवी पसरून सावलीत वाळवावी. वाचून तो ती कपाटात ठेवील की पुन्हा डिकीत, ते त्याच्यावर सोडा. दुसरी मात्र त्याला देऊ नका.

तुम्हाला शिवायला आवडते हे पत्रातून दिसतेच. दुपारी पडवीत गोधडी अंथरून चार जणी बसल्या की गप्पांत वेळ कसा जातो हे कळत नाही, आणि घरी माणसे कमी झाल्यावर त्या सोबतीचे मोलही मोठे असते. ते मोल खरे आहे आणि ते तुमचे आहे. परंतु "तुम्हाला हौसच आहे" असे म्हणून गिऱ्हाईक जेव्हा मजुरी कमी करू पाहते, तेव्हा तुमच्या आनंदाचे पैसे ते स्वतःच्या खिशात घालत असते. भजनाची आवड असलेल्या पखवाजवाल्याची बिदागी कोणी त्यासाठी कापत नाही. शिवाय चाळिशीनंतर सुईच्या नेढ्यात दोरा ओवायला चष्मा लागतो, मान आणि पाठ धरते, अंगुस्तान न घालता शिवणाऱ्यांची बोटे फुटतात. हा खर्च हौसेच्या खात्यावर किती दिवस टाकणार? तासाभराने उठून चार पावले चालावे आणि रात्री मंद दिव्यात शिवू नये, एवढे पथ्य तरी पाळा.

तुमच्या हाताला चांगली किंमत देणारी माणसे कुठे असतील याचाही विचार करायला हवा, कारण तीन हजारांची गोधडी वाडीत विकली जाणार नाही हे उघड आहे. माझ्या मते त्यांतली सर्वांत भरवशाची म्हणजे आई किंवा आजी गेल्यानंतर तिच्या साड्यांचे काय करावे हे न सुचलेली माणसे. त्या साड्या नेसवत नाहीत आणि टाकवतही नाहीत. अशा माणसाला ऑनलाइन रजईचा भाव आठवत नाही, कारण त्याला हवी असलेली वस्तू दुसरीकडे कुठेच मिळणार नसते. हे काम घेताना मात्र व्यवहार चोख ठेवा. साड्या ताब्यात घेताना त्यांच्यासमोर मोजून फोनवर फोटो काढा, कोणता काठ किंवा पदर वर दिसायला हवा ते लिहून घ्या, निम्मी मजुरी आगाऊ घ्या, उरलेले तुकडे परत द्या आणि पार्सलचा खर्च कोणाकडे हे आधी बोला. दोन-अडीच किलोचे गाठोडे टपालाने किंवा एसटीने पाठवायचे तर तोही आकडा लहान नसतो.

गोधडीचे मोल लोकांना उशिरा कळते, हे फक्त आपल्याकडेच घडते असे नाही. अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात गीज बेंड नावाच्या वस्तीतल्या गरीब कृष्णवर्णीय स्त्रिया शेतात वापरून विटलेल्या कपड्यांच्या गोधड्या घरच्या उबेसाठी शिवत असत. त्या भागातल्या स्त्रियांनी १९६६ मध्ये एकत्र येऊन एक सहकारी संस्था काढली आणि गोधड्या शहरातल्या बाजारात विकायला सुरुवात केली. २००२ मध्ये त्याच वस्तीतल्या गोधड्या ह्यूस्टन आणि न्यूयॉर्कच्या कलासंग्रहालयांत भिंतीवर टांगल्या गेल्या. आपल्या जवळचे उदाहरण हवे असेल तर गोव्याच्या पलीकडे, उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी या आफ्रिकी वंशाच्या समाजातल्या स्त्रियांची कवंदी, म्हणजे त्यांची गोधडी, पाहा. त्या कडेपासून सुरुवात करून तुकडे जोडत, धावदोरा घालत मध्यापर्यंत येतात आणि कोपऱ्यांवर कापडाची घडी घातलेली त्रिकोणी फुले बसवतात. आज ती कवंदी देशाबाहेरही प्रदर्शनांत मांडली जाते. यातून तुम्ही घ्यावे ते एकत्र येण्याचे धोरण. तुमच्या वाडीत आणखी ज्या तीन-चार जणी शिवतात, त्यांच्याशी बोलून मापानुसार आणि ओळींच्या अंतरानुसार एकच दर ठरवा. नाहीतर तुम्ही तीन हजार सांगाल आणि शेजारीण संकोचापोटी सातशेला देईल, आणि गिऱ्हाईक दोघींनाही सातशेचाच भाव पाडून मागेल.

तुम्ही बचत गटात असाल तर उमेद या बचत गटांसाठीच्या सरकारी अभियानाच्या तालुका कक्षात, गटांचा माल विकणाऱ्या सरस प्रदर्शनांची चौकशी करावी. तिथे शहरातले ग्राहक भेटतात. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगाची सरकारी नोंदणी, आधार क्रमांकावर विनामूल्य होते, तेव्हा त्यासाठी कोणी पैसे मागितले तर देऊ नका. जीएसटीची धास्ती बाळगू नका, कारण मालाच्या विक्रीसाठी महाराष्ट्रात नोंदणीची मर्यादा वर्षाला ४० लाख रुपयांच्या उलाढालीची आहे आणि सुईने तिथवर पोहोचायला बराच अवकाश आहे.

राहिला होमस्टेवाला. सहा गोधड्या म्हणजे तीनशे तास. घरकाम सांभाळून तुम्ही रोज चार तास बसलात तरी पंच्याहत्तर दिवस लागतील आणि मध्ये गणपती, गौरी आणि भाताची कापणी आहे. नऊशे रुपयांनी हे काम तुम्हाला तासाला सव्वादहा-साडेदहा रुपये देईल, म्हणून त्या दराला नकार द्यावा. पण माणसाला परत पाठवू नका. घासाघीस झाली तर दर खाली आणू नका, काम कमी करा. ओळींत अर्ध्या इंचाऐवजी एक इंच अंतर ठेवलेत तर टाके निम्म्यावर येतात, शिवणकामाचे ४२ तास २१ होतात, आणि आधी-नंतरचे आठ तास धरून गोधडी २९ तासांत तयार होते. दोराही कमी लागेल. तासाला साठच्या दराने आणि साहित्य धरून तिची किंमत सुमारे एकवीसशे होते. ती थोडी फुगीर दिसेल, टिकायला दाट टाक्यांच्या गोधडीपेक्षा थोडी कमी पडेल, हे त्याला आधीच सांगा. त्यालाही ती महाग वाटली तर पाहुण्यांच्या रोजच्या वापराला त्याने सोलापुरी चादरी घ्याव्यात आणि सर्वांत चांगल्या दोन खोल्यांसाठी तुमच्याकडून दाट टाक्यांच्या दोन गोधड्या घ्याव्यात, असे सुचवा. ज्याला कोकणातल्या घराच्या नावावर पाहुणे आणायचे आहेत त्याला हे पटायला हरकत नाही. निम्मी रक्कम आगाऊ घेतल्याशिवाय अस्तराचे कापड फाडू नका. आणि दिवाळीपर्यंत दोन, फार तर तीन मिळतील, बाकीच्या हव्या असल्यास जानेवारीत, असे आजच फोन करून कळवा, म्हणजे त्यालाही दुसरी सोय पाहायला वेळ मिळेल.